मारा की सेरेंगेटी? जुलै की फेब्रुवारी? केनिया-टांझानिया सफारीबद्दल सल्ला हवा

खारूताई

नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. त्यानिमित्त कुठे जायचं विचारलं तर सासऱ्यांनी एकच हट्ट धरला: "मला तो नदीत उड्या टाकणारा कळप बघायचाय." त्यामुळे आफ्रिका. ते दोघं, आम्ही दोघं आणि नववीतला मुलगा. ताडोबा, पेंच, कान्हा झालंय. जंगलात गप्प बसायची सवय आहे सगळ्यांना, सासरे सोडून.

तीन टूरवाल्यांकडून कार्यक्रम मागवले. तिन्हींचा साचा एकच: नैरोबी, अंबोसेली, नैवाशा, नाकुरू, मारा, परत नैरोबी. जवळजवळ रोज नवीन हॉटेल. एकाने तर ठळक अक्षरांत "मायग्रेशन १०० टक्के गॅरंटी" असं लिहून पाठवलंय.

जुलै-ऑगस्टच धरावा का? शाळा बुडवायची तयारी आहे. केनिया की टांझानिया? सासूबाईंना पाठीचा त्रास आहे, तर रस्ते कसे आहेत? शिवाय त्या कांदा-लसूण खात नाहीत. निभेल का?

तिखटमीठ

वाचनखूण साठवली. आमचंही घाटतंय. सासऱ्यांना साष्टांग.

घाटमाथा

गॅरंटीवाल्याचं नाव आधी यादीतून खोडा. विल्डबीस्ट (सासऱ्यांच्या कळपातली ती गायीसारखी दिसणारी मोठी हरणं) कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

मायग्रेशन हा ठरल्या तारखेचा उरूस नाही, कळपांची वर्षभर चालणारी फेरी आहे. तेरा लाखांच्या आसपास विल्डबीस्ट, सोबत दोनेक लाख झेब्रे, गॅझेल वेगळे. पाऊस पडून कोवळं गवत जिकडे फुटेल तिकडे ही सगळी फौज. डिसेंबर ते मार्च सेरेंगेटीच्या दक्षिणेला, न्डुटू भागातल्या आखूड गवताच्या माळावर. एप्रिल-मेच्या मोठ्या पावसात हळूहळू पश्चिमेला आणि उत्तरेला. जूनच्या सुमारास ग्रुमेटी नदीच्या आसपास. जुलै ते ऑक्टोबर मारा नदीच्या दोन्ही अंगांना, आणि नोव्हेंबरात परतीची वाट. यातला बहुतेक काळ कळप टांझानियात असतो. टांझानियातलं सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौ. किमी आहे, त्याला लागून केनियातलं मसाई मारा राखीव क्षेत्र १,५१० च्या आसपास. आपल्याकडच्या जाहिराती बघून मात्र वाटतं की सगळं माऱ्यातच घडतं.

अजून एक गोष्ट टूरवाले सांगत नाहीत. मारा नदी उत्तर सेरेंगेटीतूनही वाहते, कोगाटेंडे भागात. नदी ओलांडणं तिथेही बघायला मिळतं.

माझं मत विचाराल तर फेब्रुवारी, न्डुटू. त्या दिवसांत माद्या वितात, आणि दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्लं जमिनीवर येतात. एवढी एकदम आली की तरस आणि सिंहांनी खाऊन खाऊन किती खावीत! जागा हीच का, तर ओल डोइन्यो लेंगाई या ज्वालामुखीची राख त्या माळावर पसरलेली आहे. त्या मातीतल्या गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, दूध पाजणाऱ्या मादीला तेच हवं असतं. आणि गवत आखूड असल्यामुळे शिकारी जनावर लांबूनच दिसतं. तिलाही आणि आपल्यालाही.

न्डुटूला एक नुकतं जन्मलेलं पिल्लू आमच्या गाडीच्या मागे लागलं. अंगावर वार तशीच, नाळ लोंबतेय, पाय चारही दिशांना. त्या वयात समोर जे हलेल ती आई. ड्रायव्हरने लगेच इंजिन बंद केलं आणि आम्हाला हूं की चूं करू नका म्हणाला. पिल्लू पुढच्या टायरला हुंगत उभं राहिलं. आई पन्नासेक पावलांवर हंबरत होती, जवळ यायला धजत नव्हती. बऱ्याच वेळाने त्याला आवाजाची दिशा कळली आणि ते धडपडत तिच्याकडे गेलं. ते दुधाला लागेपर्यंत आमची गाडी हलली नाही. दिवसभरात आम्ही चित्तेही पाहिले, पण घरी सगळे सांगतात ते त्या टायरबद्दल.

मुक्काम_पोस्ट

घाटमाथाशेठ, फेब्रुवारी झकास, मान्य. पण ज्या माणसाला नदी बघायचीय त्याला बारसं दाखवून कसं चालेल?

आम्ही ऑगस्टमध्ये माऱ्याला होतो. सकाळी साडेआठला काठावर पोचलो तेव्हा पलीकडच्या चढावर काळी रेघ होती. ती जाड होत गेली. पुढचे पाण्यापर्यंत आले, वास घेतला, आणि एक झेब्रा काय फुरफुरला, अख्खा कळप उलटा पळाला. तासाभराने पुन्हा तेच. दुपारी डबे उघडले, धूळ आणि बटाटा एकत्र खाल्ला. तीनच्या सुमारास एकाने उडी टाकली, का टाकली देव जाणे, आणि मग बांध फुटावा तसं झालं. सर्वांत आधी आठवतो तो आवाज, हजारो घसे एका सुरात डुरकतायत. मग वास. मग दिसायला लागतं की खालच्या अंगाला एक मगर सरळ रेषेत येतेय, घाई न करता.

संपलं तेव्हा गाडीत कुणी बोलेना. त्या दिवशी काहीच झालं नसतं तरी चालण्यासारखं होतं, कारण हातात आणखी दिवस होते. खारूताई, तुमच्या कार्यक्रमात मारा किती रात्री आहे ते बघा. दोन असतील तर एकच पूर्ण दिवस मिळतो. तेवढ्यावर नदी बघणं म्हणजे निव्वळ मटका.

नैरोबीकर

इथेच राहतो, म्हणून पैशांचं सांगतो.

२०२४ पासून माऱ्याचं परदेशी प्रौढांचं प्रवेशशुल्क जानेवारी ते जून माणशी १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर झालं. हे दिवसाचं, आणि दिवस म्हणजे सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. तुम्ही चार मोठे, म्हणजे हंगामात रोज ८०० डॉलर नुसते आत शिरायचे. "स्वस्त" पॅकेजमध्ये मारा दोनच रात्री का, ते यावरून कळेल. लॉज गेटबाहेर असेल तर रोज नवं तिकीट. निघायच्या दिवशी किती वाजेपर्यंत बाहेर पडायचं हेही आधी विचारून घ्या, नाहीतर शेवटच्या सकाळी रमतगमत नाश्ता करणं महागात पडतं.

टांझानिया स्वस्त आहे असं मात्र समजू नका. एन्गोरोन्गोरोच्या (जुन्या ज्वालामुखीच्या) विवरात उतरायला माणशी शुल्क वेगळं, आणि गाडीचे अडीचशे डॉलर अधिक कर वेगळे. फक्त उतरण्याचे.

रस्ते: नैरोबी ते नारोक आणि पुढे सेकेनानी गेटपर्यंत पाच-सहा तास, बहुतेक डांबरी. गेटच्या आत मात्र माती, खड्डे, ओढे. ड्रायव्हर लोक त्याला आफ्रिकन मसाज म्हणतात. पाठदुखी असलेल्या माणसाला हा विनोद फार वेळ आवडत नाही. मिनीव्हॅन नको, लँड क्रूझरच घ्या, आणि सासूबाईंना मधल्या रांगेत बसवा. मागच्या चाकावर बसणाऱ्याचे हाल असतात. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने माऱ्याला पाऊण-एक तासात पोचता येतं. सामान माणशी १५ किलो, तेही मऊ बॅगेत. चाकांच्या कडक पेट्या घेत नाहीत.

अंबोसेली, नाकुरू, मारा असा एका आठवड्यात फेरा मारला तर निम्मी सफारी महामार्गावर होते. ट्रक मात्र भरपूर दिसतील.

पशुवैद्य_निवृत्त

एक अवांतर, पण राहवत नाही.

घाटमाथा यांनी तेरा लाख लिहिलं. १९६०च्या सुरुवातीला सेरेंगेटीत विल्डबीस्ट अडीच लाखांच्या आसपास होते. एवढे का वाढले? बुळकांडी गेली म्हणून.

सातारा-सांगलीकडच्या जुन्या शेतकऱ्यांना बुळकांडी सांगावी लागत नाही. गोठेच्या गोठे आठवड्यात रिकामे व्हायचे. हा रोग १८८०च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेच्या शिंगाकडून (इथिओपिया-सोमालियाकडच्या ईशान्य टोकाकडून) आत शिरला. इटालियन फौजेसाठी आणलेल्या गुरांबरोबर आला, आणि ती गुरं हिंदुस्थानातली होती असं मानलं जातं. दहाएक वर्षांत तो थेट दक्षिण टोकापर्यंत गेला. तिथल्या मसाई गुराख्यांची गुरं मेली, माणसं उपाशी मेली, रानातल्या म्हशी आणि विल्डबीस्ट मेले. त्यानंतर गोऱ्या लोकांनी जो "निर्मनुष्य निसर्ग" पाहिला, तो बऱ्याच अंशी या साथीने रिकामा केलेला मुलूख होता.

१९५०-६०च्या दशकांत सेरेंगेटीभोवतीच्या गुरांना लस टोचायला सुरुवात झाली. लक्षात घ्या, टोचलं गुरांना, रानातल्या एकाही जनावराला नाही. गुरांमधून रोग गेला तसा तो रानातूनही गेला, म्हणजे साठा गुरांमध्येच होता. १९७७पर्यंत कळप तेरा लाखांवर. एवढी तोंडं गवत खायला लागल्यावर वाळकं गवत उरेना, वणवे कमी झाले, वणवे कमी झाल्यावर झाडं वाढली, आणि झाडं वाढली तशी जिराफांची चैन. सगळं एका लसीवरून. २०११ साली बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर असा संपवलेला हा दुसराच रोग.

आम्ही नोकरीत असताना लसीची पेटी सायकलला बांधून वाड्यावस्त्यांवर फिरलो आहोत. त्यामुळे ते कळप टीव्हीवर दिसले की मी घरच्यांना बोलू देत नाही.

तिखटमीठ

काका, ह्याचा वेगळा धागा काढा. हात जोडून विनंती.

खारूताई

बाप रे, केवढी माहिती! सगळ्यांचे आभार. काकांचा प्रतिसाद सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. दोनदा.

आता कांदा-लसणाचं कुणीतरी सांगा. आणि एक भाबडी शंका: नदीत इतकी जनावरं मरतात, मुलाला ते बघवेल का? तो हळवा आहे.

गवताचीपात

मरतात, आणि बरीच. मगरींपेक्षा जास्त बुडून आणि चेंगरून. संशोधकांनी मोजलंय, मारा नदीत वर्षाला सरासरी ६,२५० विल्डबीस्ट बुडून मरतात. पण ते वाया जात नाही. मांस काही आठवड्यांत मासे, मगरी, गिधाडं आणि मराबू करकोचे संपवतात. हाडं मात्र सात वर्षांपर्यंत तळाशी झिजत राहतात आणि नदीला फॉस्फरस देतात. नववीतल्या मुलाला हे आधी सांगून न्या, तो तुमच्यापेक्षा शांतपणे बघेल.

मला जास्त काळजी चित्त्यांची वाटते. माऱ्यातल्या चित्त्यांचा एक अभ्यास २०१८ साली आला. पर्यटकांची गर्दी असलेल्या भागात एका मादीची सरासरी ०.२ पिल्लं मोठी होतात, कमी गर्दीच्या भागात २.३. चित्ता दिवसा शिकार करतो, म्हणजे नेमका आपल्या वेळेत. भोवती वीस गाड्या असतील तर तो शिकार सोडून देतो, किंवा मारलेली शिकार तरस घेऊन जातं. ताडोबात एका वाघिणीमागे जिप्सींची रांग लागते तेव्हा आपण नाकं मुरडतो, मग इथे ड्रायव्हरला "और पास लो" का म्हणायचं? गर्दी दिसली की "आपण जाऊ या" म्हणणारं एक माणूस गाडीत असावं. ते आजोबा नसतील असं दिसतंय, सासूबाईंना नेमा.

नैरोबीकर

+१. म्हणूनच माऱ्याभोवतीच्या कॉन्झर्व्हन्सी बघा. नाबोईशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ. जमीन मसाई कुटुंबांची, कॅम्पवाले ती भाड्याने घेतात आणि भाडं दरमहा मालकांकडे जातं. तंबू मोजके, एका जनावरापाशी गाड्या मोजक्या, आणि राखीव क्षेत्रात ज्याला बंदी आहे ते रात्रीचं फिरणं किंवा पायी फिरणं इथे चालतं. महाग आहे, खोटं कशाला बोलू. नदी ओलांडण्याच्या प्रसिद्ध जागा मात्र राखीव क्षेत्रात आहेत, त्यासाठी एक दिवस तिकडे जावं लागतं.

खाणं: केनियात चपाती म्हणजे चपातीच, चहा म्हणजे दुधाचाच चहा. न्डेंगू म्हणजे हिरव्या मुगाची रस्साभाजी, भातावर घेतली तर घरच्यासारखी. गुजराती-जैन मंडळी इथे पिढ्यान्पिढ्या आहेत, त्यामुळे "जैन जेवण" हा शब्द नैरोबीत आणि मोठ्या लॉजमध्ये कळतो. लहान कॅम्पला "शाकाहारी" एवढंच कळवलं तर मात्र कांद्यातच शिजवलेलं येईल. बुकिंग करताना प्रत्येक कॅम्पला वेगळं, लेखी: कांदा नाही, लसूण नाही, अंडं नाही. पोचल्यावर स्वयंपाक्याला स्वतः भेटा. तो खूश होतो, आणि दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंचं ताट वेगळं येतं.

चुलीवरची_भाकर

थेपले, चिवडा, मेतकूट न्यालच. पण प्लास्टिकच्या पिशव्यांत नको! केनियात २०१७पासून आणि टांझानियात २०१९पासून पिशव्यांना बंदी आहे. आमच्या शेजारच्या रांगेतल्या काकूंचा सगळा खाऊ विमानतळावर पिशव्यांतून बाहेर काढायला लावला. शेवटी चकल्या ओढणीत बांधून नेल्या त्यांनी. स्टीलचे डबे किंवा कापडी पिशव्या न्या. केनियाच्या उद्यानांत एकदा वापरून फेकायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत.

उंबराचं_फूल

सगळं छान चाललंय, पण एक खडा टाकते. प्रत्येक कार्यक्रमात "मसाई गावाला भेट" असते. मला ती भयंकर वाटली. उड्या मारून दाखवा, आग पेटवून दाखवा, मग मण्यांच्या माळांचं दुकान. आमच्याकडून घेतलेले पैसे गावापर्यंत किती पोचले, कुणी सांगेना.

आणि हे लोक तिथून हलवलेत हे टूरवाले सांगत नाहीत. १९५९ साली सेरेंगेटीतून मसाईंना बाहेर काढून एन्गोरोन्गोरोत वसवलं, "इथे राहा, गुरं चारा" असं सांगून. २०२२ पासून तिथूनही त्यांना दूरच्या म्सोमेराला हलवायला सुरुवात झाली. त्याच वर्षी सेरेंगेटीला लागून असलेल्या लोलिओंडोत जमिनीच्या हद्दी आखताना पोलीस आणि मसाई यांच्यात रक्तपात झाला. आपण विवराच्या काठावर कॉफी पितो तेव्हा हे माहीत असलेलं बरं.

घाटमाथा

खडा योग्य जागी लागला. पण मग जायचंच नाही का? सफारीचे पैसे आले नाहीत तर त्या जमिनीवर गहू येईल आणि कुंपणं येतील. नारोककडे जाताना दिसतातच.

उंबराचं_फूल

जाऊ नका असं कुठे म्हटलं? कॉन्झर्व्हन्सीत राहा, मसाई गाइड घ्या, त्याच्याशी गप्पा मारा. आमच्या गाइडला गवतात पडलेल्या शेणावरून सांगता यायचं की मादी एलंड (मोठं हरीण) गेलीय की नर. तीच गावाची भेट समजा. नाचाचा कार्यक्रम रद्द करा, एवढंच.

कॅमेरावेडा

थोडक्यात. १००-४०० लेन्स पुरते. ट्रायपॉड नको, रिकामी कापडी थैली न्या आणि तिथे तांदूळ भरून गाडीच्या छतावर ठेवा. ड्रोनला उद्यानांत बंदी आहे, विमानतळावरच अडवतात. गडद निळे आणि काळे कपडे नकोत, त्से त्से माशीला तेच रंग आवडतात. टांझानियातल्या तारांगिरे उद्यानात आणि सेरेंगेटीच्या झाडीत ती जीन्सच्या वरूनही चावते. पहाटे थंडी असते, स्वेटर आणि कानटोपी न्या. आफ्रिका म्हणजे ऊन असं समजून आलेले लोक एन्गोरोन्गोरोच्या काठावर टॉवेल गुंडाळून बसलेले पाहिलेत. काठ दोन हजार मीटरहून उंच आहे.

आणि अंबोसेली? हत्तींसाठी उत्तम. मागे किलिमांजारो (तो टांझानियात, दिसतो केनियातून), पुढे दलदलीत पोटापर्यंत बुडालेले हत्ती. डोंगर भल्या सकाळी तासभर दिसतो, मग ढगात. एक रात्र ठेवून "दिसला नाही" म्हणून रडू नका.

खारूताई

घरी सभा झाली. मी फेब्रुवारीच्या बाजूने, मुलगा पण. सासरे: "पिल्लं गोठ्यातही बघता येतात." विषय संपला.

तर ठरलं असं. सप्टेंबर, टांझानिया. अरुशाहून तारांगिरे, मग एन्गोरोन्गोरो, आणि तिथून लहान विमानाने कोगाटेंडे. नदीजवळच्या एकाच कॅम्पात चार रात्री. नैवाशा, नाकुरू, अंबोसेली सगळं कापलं. गावभेट रद्द. टूरवाला म्हणतो, "मॅडम, एवढे दिवस एका जागी बसून कंटाळा येईल." त्याला सांगितलं, कंटाळू.

परतताना नैरोबीमार्गे विमान आहे. त्याचं काही वेगळं?

पशुवैद्य_निवृत्त

पीतज्वराची लस. केनियातून येताना भारतात प्रमाणपत्र मागू शकतात, नसेल तर सहा दिवस विलगीकरणात ठेवण्याचा नियम आहे. शासनमान्य केंद्रातच घ्यायची, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. पण साठीनंतर पहिल्यांदा घेताना जोखीम थोडी जास्त असते. त्यामुळे सासू-सासऱ्यांना आधी त्यांच्या डॉक्टरांकडे न्या, आणि नैरोबी टाळून आखातामार्गे परत येणं जमतंय का तेही बघा. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारा.

तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार. गोठ्याचं वाक्य आवडलं नाही, पण माणूस पक्का दिसतो.

खारूताई

आखातामार्गे बघते काका, धन्यवाद. शेवटचा प्रश्न. कोगाटेंडेच्या विमानाला १५ किलो म्हणजे हातातली बॅग धरून का? सासूबाईंचा लाडवांचा डबा वेगळा आहे.

नैरोबीकर

हातातली धरून. डबाही मोजतात. स्टीलचा असेल तर लाडू कापडी पिशवीत काढा, दीड किलो तिथेच वाचेल.